अमेरिकेत डेंटल इम्प्लांट करायचंय? मग दाढ काढायच्या आधीच इन्शुरन्सचं एवढं बघून घ्या

मी न्यू जर्सीत एका डेंटल ऑफिसात इन्शुरन्सचं काम बघते. म्हणजे पेशंटचा प्लॅन काय देतो काय नाही ते कंपनीला फोन करून विचारायचं, क्लेम पाठवायचे, नाकारले की परत पाठपुरावा करायचा. एडिसनच्या आसपास आपली मराठी मंडळी भरपूर, त्यामुळे काउंटरवर मराठीतून विचारणारं कोणी ना कोणी असतंच आणि प्रश्न बहुतेक वेळा एकच, "इम्प्लांट इन्शुरन्समध्ये बसतं का हो?" याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देताच येत नाही, आणि ज्यांना कोणीतरी तसं दिलेलं असतं तेच नंतर मोठं बिल हातात घेऊन येतात. काउंटरवर उभ्या उभ्या जे सांगून होत नाही ते इथे सविस्तर लिहितेय, नुकतेच इकडे आलेल्यांना डोळ्यासमोर ठेवून.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगून टाकते. दाढ काढायची ठरली असेल आणि ती जागा पुढेमागे इम्प्लांटने भरायचा थोडासुद्धा विचार असेल, तर प्लॅन दाढ काढायच्या आधी तपासा, नंतर नाही. सूज आलीये, ताप आहे, पू झालाय तर अर्थातच थांबू नका, आधी जीव. पण डॉक्टर म्हणताहेत की महिना-दोन महिने औषधावर निघतील, तर ते दिवस इन्शुरन्स समजून घेण्यात घालवा, त्यातून पुढचे बरेच पैसे वाचतात. का ते खाली येईलच.

इम्प्लांट म्हणजे एक वस्तू नाही, तीन आहेत

आपण "इम्प्लांट" म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यासमोर अख्खा नवीन दात असतो. इन्शुरन्सच्या लेखी तसं नसतं. जबड्याच्या हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू ही एक गोष्ट, त्यावर जोडायचा मधला तुकडा म्हणजे अ‍ॅबटमेंट ही दुसरी, आणि वर दिसणारा दात म्हणजे क्राउन ही तिसरी. प्रत्येकाला वेगळा कोड, वेगळी तारीख, वेगळा क्लेम. स्क्रूचा कोड डी६०१०, अ‍ॅबटमेंट तयार मिळणारा असेल तर डी६०५६, खास तुमच्या मापाचा बनवला तर डी६०५७, आणि त्यावरचा पोर्सेलीन किंवा सिरॅमिकचा क्राउन डी६०५८. क्राउन अ‍ॅबटमेंटवर न बसवता थेट स्क्रूवर बसवला तर तोच डी६०६५ होतो. त्याआधी दाढ काढणं साधं असेल तर डी७१४०, हाड घासून किंवा दाढेचे तुकडे करून काढावी लागली तर डी७२१०, आणि काढलेल्या जागेत हाड टिकावं म्हणून जी पावडर भरतात त्या बोन ग्राफ्टचा डी७९५३.

हे कोड पाठ करायची गरज नाही, पण डॉक्टरांकडून ट्रीटमेंट प्लॅन मागाल तेव्हा तो कोडसकट मागा, प्रत्येक कोडसमोर फी लिहिलेली. "इम्प्लांट अमुक हजार" असा एकच गोल आकडा कुठे मिळाला तर त्यात क्राउन धरलाय का, ग्राफ्ट धरलाय का, स्कॅन धरलाय का हे विचारा. जाहिरातीतला स्वस्त आकडा पुष्कळदा फक्त स्क्रूचा असतो. एका दाताचं स्क्रू, अ‍ॅबटमेंट आणि क्राउन मिळून साधारण तीन ते सहा हजार डॉलर लागतात, शहर आणि डॉक्टर बघून कमीजास्त.

तुमच्याकडे नक्की कुठला प्लॅन आहे?

कंपनीने हेल्थ इन्शुरन्स दिलाय म्हणजे दात त्यात आलेच असं इथे नसतं. मेडिकलचा प्लॅन वेगळा, डेंटलचा वेगळा, त्याचं कार्ड वेगळं, हप्ता पगारातून वेगळा कापला जातो. जॉइन होताना घाईघाईत फॉर्म भरताना डेंटलवर टिक केली होती का हे पुष्कळांना आठवतच नाही, तर आधी ते एचआरच्या पोर्टलवर जाऊन बघा. मेडिकल प्लॅन इम्प्लांटला पैसे देतो तो क्वचित, म्हणजे अपघातात जबड्याला मार लागून दात गेला, किंवा गाठ काढताना जबड्याचा भाग काढावा लागला, अशा वेळी. तसं काही असेल तर मात्र क्लेम आधी मेडिकलला जायला हवा, हे ऑफिसला स्वतःहून सांगा.

डेंटल प्लॅन मुख्यतः दोन तऱ्हेचे. पीपीओ असेल तर नेटवर्कमधल्या किंवा बाहेरच्या कुठल्याही डेंटिस्टकडे जाता येतं. एचएमओ असेल तर ठरवून दिलेल्याच ऑफिसात जायचं, हप्ता कमी, पण बऱ्याच एचएमओंमध्ये इम्प्लांट यादीतच नसतं. आणि तिसरं एक असतं ते डिस्काउंट कार्ड, वर्षाला थोडे पैसे भरले की फीवर सूट मिळते. ते वाईट नाही, पण तो इन्शुरन्स नाही, क्लेम वगैरे काही भरला जात नाही. नवीन माणसाची इथे फार गल्लत होते.

पीपीओत नेटवर्कमधला डेंटिस्ट सहसा ठरलेल्या दरापेक्षा जास्त लावू शकत नाही. बाहेरचा लावू शकतो, आणि कंपनी आपल्या हिशोबाने जो "योग्य दर" धरते त्याच्या पन्नास टक्के देते, वरचा सगळा फरक तुमच्या खिशातून. म्हणून "आम्ही तुमचा इन्शुरन्स घेतो" असं ऑफिस म्हणालं तर तेवढ्यावर थांबू नका, "तुम्ही माझ्या प्लॅनच्या नेटवर्कमध्ये आहात का" असं सरळ विचारा, या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि सर्जन वेगळा असेल तर त्यालाही वेगळं विचारा. स्क्रू बसवणारा एक आणि क्राउन करणारा दुसरा असं इथे सर्रास असतं.

मिसिंग टूथ क्लॉज, इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात

हा प्रकार नीट वाचा. बऱ्याच प्लॅनमध्ये एक अट असते की प्लॅन सुरू व्हायच्या आधीच जो दात गेलेला आहे, तो परत बसवायला आम्ही पैसे देणार नाही. मग तो इम्प्लांटने बसवा, शेजारच्या दातांवर टेकवलेल्या ब्रिजने बसवा नाहीतर कवळीने. प्लॅन १ जानेवारीला सुरू झाला आणि दाढ डिसेंबरात काढली होती, तर त्या दाढेसाठी पूर्ण नकार येऊ शकतो, भले प्लॅनच्या कागदावर "इम्प्लांट ५० टक्के" असं स्वच्छ लिहिलेलं असो. आणि तीच दाढ जानेवारीत काढली असती तर क्लॉज लागलाच नसता.

आपल्या लोकांना याचा फटका खास बसतो. कारण इकडे यायच्या आधी पुण्यात किंवा नाशकात "दाताचं सगळं उरकून घ्या, तिकडे महाग आहे" म्हणून घरचे सांगतात, मग दुखरी दाढ प्रवासाला निघायच्या गडबडीत काढून टाकली जाते आणि नवीन दात "तिकडे गेल्यावर बघू" म्हणून राहतो. नेमकं उलटं झालं. रूट कनाल, फिलिंग, क्लीनिंग हे तिकडे करून येणं शहाणपणाचंच आहे, पण दाढ काढलीत तर दात बसवायचं कामही तिकडेच पुरं करायचं, नाहीतर जमत असेल तर काढायचं कामही इकडे प्लॅन सुरू झाल्यावर करायचं.

सगळ्याच प्लॅनमध्ये हा क्लॉज नसतो. मोठ्या कंपन्या आपल्या नोकरदारांना देतात त्या ग्रुप प्लॅनमध्ये पुष्कळदा नसतो, स्वतः विकत घेतलेल्या प्लॅनमध्ये बहुधा असतो. तुमच्यात असेल आणि दात खरोखर प्लॅन सुरू झाल्यावर काढला असेल तर तारखेचा पुरावा लागतो. म्हणजे सुट्टीत भारतात गेलात आणि तिथे दाढ काढावी लागली, तर डॉक्टरांकडून तारखेचं, सहीशिक्क्याचं, इंग्रजीत लिहिलेलं बिल घ्या आणि आधीचा-नंतरचा एक्स-रे फोनवर मागवून ठेवा. त्यात एक बारीक गोष्ट आहे. भारतात दातांना नंबर देण्याची पद्धत वेगळी आहे. खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ तिकडे ३६ नंबरची, इथे तीच १९ नंबरची. उजवीकडची तिकडे ४६, इथे ३०. इथल्या पद्धतीत मोठ्या माणसाचे दात १ ते ३२ असेच मोजतात, त्यामुळे ३६ नंबरचा दात बघून क्लेम बघणाऱ्याला काही बोध होत नाही आणि कागद परत येतो. बिल देताना ऑफिसला तोंडी सांगा की हा नंबर भारतातल्या पद्धतीचा आहे, ते इकडचा नंबर लिहून पाठवतील. क्लेम फॉर्मवर कुठले दात आधीच नाहीत ते खुणा करून दाखवायची जागा असते, तिथे खरं तेच भरलं जातंय ना हे बघा, कारण एक्स-रेमध्ये हाड किती भरून आलंय यावरून दात जुना गेलेला आहे हे त्यांना कळतं.

बाकीच्या अटी

वेटिंग पीरियड. स्वतः घेतलेल्या प्लॅनमध्ये मोठ्या कामांसाठी सहसा सहा किंवा बारा महिने थांबावं लागतं. आज प्लॅन घेऊन पुढच्या महिन्यात इम्प्लांट असं जमत नाही. आधी दुसरा डेंटल प्लॅन खंड न पडता चालू होता असं पत्र दिलं तर काही कंपन्या ही मुदत माफ करतात, विचारायला काही जात नाही.

वर्षाची कमाल मर्यादा. मेडिकलमध्ये कमाल मर्यादा तुमच्या खर्चाला असते, त्यापुढे कंपनी भरते. डेंटलमध्ये बरोब्बर उलटं, मर्यादा कंपनीच्या देण्याला असते, त्यापुढे तुम्ही. ही रक्कम बहुतेक प्लॅनमध्ये वर्षाला एक ते दोन हजार डॉलर असते आणि त्यातूनच क्लीनिंग, एक्स-रे, फिलिंग सगळं वजा होतं. "५० टक्के कव्हर" या शब्दांवर जाऊ नका, पन्नास टक्के या मर्यादेच्या आतच. काही प्लॅनमध्ये इम्प्लांटला आणखी वेगळी आयुष्यभराची मर्यादा असते, तीही बघा.

आणि स्वस्त पर्यायाची अट. प्लॅन म्हणतो, तुम्ही इम्प्लांट खुशाल करा, पण आम्ही ब्रिजचे किंवा काढता-घालता येणाऱ्या दाताचे जेवढे दिले असते तेवढेच देऊ. हा नकार नाही, थोडे पैसे मिळतात, पण तुम्ही धरलेले आकडे पार बदलतात. माझ्या मते ही अट पेशंटवर अन्याय करणारी आहे, कारण ब्रिजसाठी शेजारचे दोन चांगले दात घासून लहान करावे लागतात आणि ते नुकसान कुठल्याच हिशोबात धरलं जात नाही. पण अट आहे, आणि सही आपण केलेली असते.

फोन कसा करायचा

कार्डाच्या मागे नंबर असतो. वेबसाइटवरच्या चार ओळींवर किंवा एचआरने दिलेल्या रंगीत पत्रकावर विसंबू नका, फोन करा, आणि हातात कोड घेऊन करा. "इम्प्लांट कव्हर आहे का" असं विचारलंत तर समोरचा "हो, मेजरमध्ये", म्हणजे मोठ्या कामांत, एवढंच म्हणेल. त्याऐवजी असं विचारत जा: डी६०१०, डी६०५७, डी६०५८ प्रत्येकी किती टक्के? नेटवर्कमध्ये किती, बाहेर किती? डी७९५३ कव्हर आहे का? मिसिंग टूथ क्लॉज आहे का? स्वस्त पर्यायाची अट लागते का? वेटिंग पीरियड आहे का, असेल तर माझा कधी संपतो? वर्षाची मर्यादा किती, आजपर्यंत किती वापरली? वर्ष जानेवारी ते डिसेंबर की प्लॅनच्या तारखेपासून? क्राउनचे पैसे माप घेतल्याच्या तारखेला धरता की बसवल्याच्या?

हा शेवटचा प्रश्न फालतू वाटेल, पण वर्षअखेरीला काम असेल तर सगळा खेळ त्यावरच असतो. बऱ्याच कंपन्या क्राउन तोंडात बसवला त्या दिवसाची तारीख धरतात. डिसेंबरच्या शेवटी माप घेतलं आणि बसवला जानेवारीत, तर तो पुढच्या वर्षाच्या मर्यादेतून जातो.

बोलून झालं की समोरच्याचं नाव आणि कॉलचा रेफरन्स नंबर लिहून घ्या, तारखेसकट. इंग्रजीचं दडपण वाटत असेल तर दुभाषी मागता येतो, मोठ्या कंपन्या फोनवर जोडून देतात. नाहीतर तुमच्या डेंटिस्टच्या ऑफिसला सांगा, आमचं हे रोजचं काम आहे.

लेखी अंदाज घेतल्याशिवाय स्क्रू बसवू नका

फोनवरचं बोलणं कंपनीवर बंधनकारक नसतं. म्हणून प्री-डिटर्मिनेशन नावाचा प्रकार करायचा. ऑफिस क्लेमसारखाच फॉर्म भरतं पण तारीख न घालता, सोबत एक्स-रे आणि डॉक्टरांचं थोडक्यात लिहिलेलं टिपण जोडतं, आणि कंपनी काही आठवड्यांत लेखी कळवते की या कोडला इतके, त्या कोडला इतके. यात पैसे देण्याची हमी नसते हे खरं, मधल्या काळात तुमची मर्यादा संपली किंवा नोकरी सुटली तर आकडे बदलतात. पण मिसिंग टूथ, स्वस्त पर्याय, ग्राफ्ट नाही, अशी जी विघ्नं यायची ती याच कागदावर येतात, बिलावर नाही. म्हणून माझा आग्रह असतो, उत्तर येईपर्यंत थांबा.

डॉक्टरांच्या टिपणात काय आहे ते वाचायला मागा, तुमचा हक्क आहे. त्यात दाताचा नंबर, दात का आणि कधी काढला, शेजारचे दात धड आहेत आणि ब्रिजसाठी घासणं योग्य नाही, हाड पुरेसं आहे, हे आलेलं हवं. "पेशंटला इम्प्लांट हवंय" एवढंच लिहून पाठवलेलं टिपण असलं काय नसलं काय सारखंच.

तारखांचा हिशोब

आता कागद-पेन घ्या. आकडे उदाहरणासाठी धरलेत, तुमचे वेगळे असतील. समजा १९ नंबरची दाढ. काढायचे २५० डॉलर, ग्राफ्ट ४००, स्क्रू १,९००, अ‍ॅबटमेंट ६००, क्राउन १,३००. एकूण ४,४५०. प्लॅनची मर्यादा वर्षाला १,५००, डिडक्टिबल, म्हणजे कंपनी द्यायला लागायच्या आधी दरवर्षी तुम्ही भरायची रक्कम, ५०, दाढ काढायला ८० टक्के, इम्प्लांटच्या तिन्ही भागांना ५० टक्के, ग्राफ्टला शून्य. क्लीनिंग आणि एक्स-रेचे वर्षाला २५० त्याच मर्यादेतून जातात.

सगळं एकाच वर्षात केलंत तर: दाढ काढण्याचे २५० मधून डिडक्टिबल ५० गेले, उरलेल्या २०० चे ८० टक्के म्हणजे १६०. स्क्रूचे ९५०. क्लीनिंगचे २५० धरून १,३६० झाले. मर्यादेत उरले फक्त १४०, आणि अ‍ॅबटमेंट-क्राउनचे मिळायला हवे होते ९५०. म्हणजे इन्शुरन्सने या दाढेसाठी दिले एकूण १,२५०, तुमच्या खिशातून ३,२००.

आता हेच दोन वर्षांत वाटा. ऑगस्टमध्ये दाढ काढून ग्राफ्ट, हाड भरायला तीन-चार महिने जातातच, डिसेंबरात स्क्रू, मग स्क्रू हाडात धरायला पुन्हा तीन ते सहा महिने, म्हणजे अ‍ॅबटमेंट आणि क्राउन पुढच्या वर्षी मे-जूनमध्ये. पहिल्या वर्षी १६० अधिक ९५०. दुसऱ्या वर्षी मर्यादा नव्याने सुरू, अ‍ॅबटमेंटच्या ६०० मधून ५० डिडक्टिबल वजा होऊन २७५, क्राउनचे ६५०. एकूण मिळाले २,०३५. तुमच्या खिशातून २,४१५. तोच डॉक्टर, तोच दात, तीच फी, फक्त तारखा बदलून ७८५ डॉलर वाचले. हाड भरायला वेळ लागतोच, त्यामुळे यात उपचाराची ओढाताण करावी लागत नाही, फक्त सुरुवात उन्हाळ्याच्या शेवटी करायची. पण डॉक्टर म्हणाले की हाड झिजतंय, उशीर नको, तर त्यांचं ऐका, पैशांसाठी हाड घालवू नका, कारण मग मोठा ग्राफ्ट किंवा वरच्या दाढेला सायनस लिफ्ट, म्हणजे वरच्या जबड्यात हाड वाढवायचं ऑपरेशन, करावं लागलं तर वाचवलेले पैसे कुठल्या कुठे जातात.

एफएसए आणि एचएसए

खिशातून जाणारे २,४१५ सुद्धा करमुक्त पैशातून देता येतात. आयआरएसच्या, म्हणजे इथल्या कर खात्याच्या, नियमांत कृत्रिम दातांचा खर्च वैद्यकीय खर्चात येतो, दात पांढरे करून घेणं येत नाही. एफएसए म्हणजे नोकरीतून मिळणारं, औषधोपचाराच्या खर्चासाठी पैसे बाजूला टाकायचं खातं, त्यात २०२६ साठी वर्षाला ३,४०० डॉलरपर्यंत पगारातून टॅक्स न कापता बाजूला टाकता येतात. त्यातली भारी गोष्ट ही की पैसे वर्षभर थोडे थोडे कापले जात असले तरी अख्खी रक्कम पहिल्याच दिवसापासून वापरता येते. न वापरलेले मात्र मोठ्या प्रमाणात बुडतात, म्हणून आकडा लेखी अंदाज हातात आल्यावरच ठरवा. ओपन एनरोलमेंट, म्हणजे पुढच्या वर्षाचे प्लॅन निवडायची मुदत, बहुतेक कंपन्यांत ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतं, म्हणजे वरच्या उदाहरणात दुसऱ्या वर्षीचे पैसे तेव्हाच बाजूला टाकायचे.

एचएसए, म्हणजे जास्त डिडक्टिबलच्या मेडिकल प्लॅनसोबत मिळणारं तुमचं स्वतःचं बचत खातं, असेल तर पैसे बुडत नाहीत, साठत जातात. एचएसए चालू असताना साधा एफएसए घेता येत नाही, पण फक्त दात आणि डोळ्यांसाठीचा मर्यादित एफएसए घेता येतो, कंपनी देते का विचारा. या दोन्ही खात्यांतून भारतात केलेल्या दातांच्या कामाचे पैसेही देता येतात, बिल नीट हवं एवढंच.

नवरा-बायको दोघांचे प्लॅन असतील तर

ज्याचा दात, त्याच्या स्वतःच्या नोकरीचा प्लॅन आधी, जोडीदाराचा दुसरा. दोन्ही मिळून चांगली रक्कम निघू शकते. पण दुसऱ्या प्लॅनमध्ये "नॉन-डुप्लिकेशन" अट असेल तर पहिल्याने जेवढं दिलं तेवढंच देणारा दुसरा प्लॅन वर काहीच देत नाही, आणि दोन्ही पन्नास टक्केवाले असले की हमखास हे होतं. फक्त एका इम्प्लांटसाठी दुसऱ्या प्लॅनचा हप्ता भरण्याआधी ही अट विचारा.

स्क्रू बसलाय आणि नोकरी बदलली

एच-वन-बी व्हिसावर नोकरी करणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवा. स्क्रू आणि क्राउनच्या मधल्या महिन्यांत नोकरी बदलली किंवा गेली तर नवीन प्लॅन म्हणू शकतो की हे काम आमच्याकडे यायच्या आधी सुरू झालंय, किंवा दात आमच्या आधी गेलाय. ऑफर हातात असेल तर नवीन कंपनीचा डेंटल प्लॅन जॉइन व्हायच्या आधीच मागवून घ्या, त्यात मिसिंग टूथ क्लॉज नसेल तर चिंता नाही. असेल तर कोब्राचा, म्हणजे नोकरी सुटल्यावर जुना प्लॅन चालू ठेवायच्या सोयीचा, विचार करा. सहसा वीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीतून बाहेर पडलात तर जुना प्लॅन स्वतः पूर्ण हप्ता भरून साधारणपणे अठरा महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो, निवडायला ६० दिवस मिळतात, आणि मेडिकल व डेंटल वेगळे प्लॅन असतील तर एकटा डेंटल चालू ठेवता येतो. मेडिकलच्या कोब्राचा आकडा बघून लोक घाबरून सगळंच सोडतात. एकट्या डेंटलचा हप्ता त्याच्या तुलनेत फार लहान असतो, क्राउन होईपर्यंत दोन-चार महिने भरला तरी फायद्यात राहता.

आई-बाबा इकडे आलेत

व्हिजिटर इन्शुरन्समध्ये इम्प्लांट होत नाही. अचानक कळ आली, अपघात झाला तर त्यापुरतं थोडंफार मिळतं. ग्रीन कार्डवर असलेल्या आई-बाबांना ६५ वर्षं पूर्ण आणि इथे सलग पाच वर्षं राहिल्यावर मेडिकेअर, म्हणजे वयस्कांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, विकत घेता येतं, पण मूळ मेडिकेअर इम्प्लांटला पैसे देत नाही. मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेजच्या काही प्लॅनमध्ये डेंटलची ठरावीक रक्कम असते, ती तपासा. नाहीतर आई-बाबांचं काम भारतातच करणं मला जास्त बरं वाटतं, तिकडे त्यांचं भाषेवाचून अडत नाही आणि नंतर दाखवायलाही घरचे डॉक्टर असतात.

तुम्ही स्वतः भारतात करायचं म्हणत असाल तर दोन फेऱ्या धरा, स्क्रूची एक आणि काही महिन्यांनी क्राउनची दुसरी. एकाच तीन आठवड्यांच्या सुट्टीत सगळं बसवायचा हट्ट धरू नका. नावाजलेल्या कंपनीचं इम्प्लांट निवडा, स्ट्रॉमन, नोबेल बायोकेअर वगैरे, आणि डब्यावरचा स्टिकर, ज्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असतो, तो मागून घ्या. तो नसेल तर उद्या इथे स्क्रू सैल झाला की कुठल्या अवजाराने उघडायचा हेच डॉक्टरांना समजत नाही, आणि मग बरेच जण हात लावायलाच तयार होत नाहीत.

उरलेले पैसे कुठून आणायचे

डेंटल कॉलेजांचा पर्याय लोक विनाकारण टाळतात. नेवार्कला रटगर्सचं डेंटल स्कूल आहे, मॅनहॅटनमध्ये एनवाययूचं. तिथे शिकणारे डॉक्टर अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, पण फी बाहेरच्यापेक्षा बरीच कमी. ज्यांचा प्लॅन काहीच देत नाही त्यांना मी आधी हेच सुचवते.

ऑफिसात मिळणारं हप्त्यांचं मेडिकल क्रेडिट कार्ड घेणार असाल तर "डिफर्ड इंटरेस्ट" हे शब्द शोधा. ठरलेल्या मुदतीत शेवटचा डॉलरही फिटला नाही तर व्याज उरलेल्या रकमेवर नाही, पहिल्या दिवसापासूनचं लागतं, आणि दर चांगलाच चढा असतो. त्यापेक्षा ऑफिसला विचारा, कामाच्या टप्प्यांप्रमाणे पैसे देऊ का. बरेच डॉक्टर हो म्हणतात.

क्लेम नाकारला तर

पहिल्यांदा नकाराचा कागद, म्हणजे ईओबी, शांतपणे वाचा. खाली बारीक अक्षरात कारणाचा कोड असतो. पुष्कळदा कारण "एक्स-रे मिळाला नाही" किंवा "दात काढल्याची तारीख नाही" एवढंच असतं, तो खरा नकारच नाही, कागद परत पाठवला की सुटतो. ऑफिसने "इन्शुरन्सने नाही दिलं" म्हणून थेट बिल पाठवलं तर आधी ईओबीची प्रत मागा.

खरा नकार असेल तर अपील करायचं. नोकरीतून मिळालेल्या प्लॅनमध्ये सहसा १८० दिवस मिळतात. अपिलात रागाचं काही लिहू नका, प्लॅनच्या पुस्तिकेतलं कलम, प्री-डिटर्मिनेशनचा कागद, फोनचा रेफरन्स नंबर आणि डॉक्टरांचं नवीन टिपण एवढं जोडा. स्वस्त पर्यायाची अट लावून पैसे कमी दिले असतील तर शेजारच्या निरोगी दातांचे फोटो आणि एक्स-रे सगळ्यात जास्त कामाला येतात. अपिलानंतरही नाही म्हणाले तर पुढची तक्रार कुठे करायची हे प्लॅनच्या जातीवर ठरतं. इन्शुरन्स कंपनीने स्वतः जोखीम घेतलेला प्लॅन असेल तर राज्याच्या विमा खात्याकडे, न्यू जर्सीत ते डिपार्टमेंट ऑफ बँकिंग अँड इन्शुरन्स. तुमची कंपनीच पैसे भरत असेल आणि इन्शुरन्सवाले फक्त कागद सांभाळत असतील, म्हणजे सेल्फ-फंडेड प्लॅन, तर राज्याचा त्यावर अधिकार चालत नाही, मग केंद्राच्या कामगार खात्याच्या एब्सा विभागाला १-८६६-४४४-३२७२ वर फोन करायचा. यातला कुठला प्लॅन तुमचा आहे ते एचआर एका ईमेलवर सांगतं, आणि सेल्फ-फंडेड असेल तर एचआरलाच अपिलाची प्रत पाठवा. तिथे पैसे तुमच्या कंपनीचे असतात, त्यामुळे कधी कधी एचआरने नुसता एक फोन केला तरी अडलेला क्लेम परत उघडला जातो.